परड्यातलं लिंबू आणि माझी खतं

२०२२ च्या उन्हाळ्यात लिंबू दहा रुपयाला एक झालं होतं, आठवतंय ना. आमच्या आईनं त्या वर्षी लोणचंच घातलं नाही आणि वर्षभर मला ऐकवलं, एवढं घर बांधलंस, मागं परडं सोडलंस, एक लिंबाचं झाड लावायला होईना तुला. तर २०२३ च्या जुलैत लावलं एकदाचं. साई शरबती म्हणून नर्सरीतनं आणलेलं रोप, गुडघ्याएवढं, पानं अशी गडद की बघून वाटावं दोन वर्षांत गल्लीभर लिंबं वाटत सुटणार आपण.

त्यानंतर वर्षभर मी त्या झाडाला काय काय खायला घातलं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण परवा आमच्या मशीनशॉपमधल्या एका पोरानं मोबाईलवर फोटो दाखवला, त्याचं कुंडीतलं मोसंबीचं रोप पिवळं पडलंय, काय घालू काका म्हणून विचारलं, आणि मी जे सांगायला लागलो ते चहा संपला तरी संपेना. तो बिचारा खताचं एक नाव मागायला आला होता.

आमचं घर बेळगावला, हिंडलग्याच्या पुढं. इकडची माती लाल, पावसाळ्यात चपला लाल, पँटीची कड लाल, कुत्र्याचे पाय लाल. मी उद्यमबागेत एका फौंड्रीच्या मशीनशॉपला आहे, आयुष्य लोखंडात गेलं. शेतीशी संबंध एवढाच की मामा बेळगुंदीला शेती करतो आणि लहानपणी सुट्टीत आम्ही रताळी काढायला जायचो. त्यामुळं झाडाविषयी मला फार कळतं असं नाही, पण तेव्हा मला वाटायचं कळतं, तोच घोळ झाला.

लावलं त्या वर्षी पाऊस कमी, नळाचं पाणी जपून वापरायचं, म्हणून न्हाणीचं पाणी पाईप टाकून लिंबाच्या आळ्यात सोडलं. साबणाचं, शांपूचं, कपड्याच्या पावडरचं सगळं. पाणी वाया जात नाही म्हणून मी खूष. दिवाळीच्या आसपास बघतोय तर शेंड्याची नवी पानं पिवळी. खालची जुनी पानं बरी होती, नवीन येणारी तेवढी पिवळी, आणि पिवळी म्हणजे सरसकट नव्हे, शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळट पांढरं, पिवळ्या कापडावर कुणीतरी हिरव्या दोऱ्यानं जाळी विणावी तसं. पानंही बारकी, नखाएवढी. हे जुनी की नवी, शिरा हिरव्या की पिवळ्या, हे बघणं किती महत्त्वाचं असतं ते मला नंतर कळलं. जुनी पानं अख्खी पिवळी पडली तर नत्र म्हणजे नायट्रोजन कमी, कारण झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. जुन्याच पानावर देठाकडं हिरवा उलटा व्ही राहिला आणि बाकी पिवळं झालं तर मॅग्नेशियम. नवं पान हिरव्या जाळीचं आलं तर लोह, आणि पान बारकं, अरुंद, शेंड्याला गुच्छ झाल्यासारखं असलं तर जस्त. मला तेव्हा एकच माहीत होतं, पिवळं म्हणजे भूक.

मग घाला खायला. मामाकडनं युरिया आणला आणि मूठभर टाकला खोडाच्या बुडात, वरनं पाणी. युरियात ४६ टक्के नत्र असतं, गुडघ्याएवढ्या रोपाला मूठभर म्हणजे तान्ह्या पोराला मटणाचं ताट. दहा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत, आणि मग गळायला लागली. मी म्हटलं उन्हानं झालं असेल. फेब्रुवारीत! मग डीएपी, नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेलं खत. कुणीतरी म्हणालं मुळं वाढतात त्यानं, म्हणून दोनदा घातला. घरात मग स्पर्धाच लागली, हिनं अंड्याची टरफलं मिक्सरला लावून घालायला सुरुवात केली, लेकीनं व्हिडिओ बघून केळीच्या सालीचं पाणी केलं, चहाचा चोथा तर रोजचाच. आणि आई. आमच्याकडं अजून पाणी तापवायला बंब आहे, आईला गिझरचं पाणी अंगाला लागत नाही म्हणे, तर त्या बंबातली राख रोज सकाळी घमेल्यातनं लिंबाच्या बुडात. “आपल्या लाल मातीला राख लागतेच, आमच्या बापानं जन्मभर घातली.” तिचं चुकलं नव्हतं, तिच्या बापाच्या शेतापुरतं ते शंभर टक्के खरं होतं. आमचं परडं म्हणजे तिच्या बापाचं शेत नव्हतं, एवढंच.

मे महिन्यात कंटाळून रविवार पेठेत एका खताच्या दुकानात फोटो दाखवला. दुकानदारानं मोबाईल जवळ घेऊन, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला आयर्न कमी आहे. बरोबर बोलला हां तो, एका नजरेत. चिलेटेड आयर्नचं, म्हणजे दुसऱ्या रसायनानं धरून विरघळतं ठेवलेल्या लोखंडाचं पाकीट दिलं, त्यावर त्या रसायनाचं नाव ईडीटीए का काय लिहिलेलं. घरी येऊन सांगितल्याप्रमाणं पाण्यात कालवून आळ्यात ओतलं. पंधरा दिवस वाट बघितली, काही नाही. परत ओतलं, परत काही नाही. अर्धं पाकीट उरलं ते पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं.

आणि मग मी माझं डोकं चालवलं. लोखंडच पाहिजे ना झाडाला, मग ते तर आमच्याकडं ढिगानं पडलंय! शॉपमध्ये लेथवर कास्टिंग कापताना जो काळा चुरा पडतो त्याला आम्ही बोरिंग म्हणतो, ते स्क्रॅपला जातं. सुपरवायझरला विचारून दोन किलो पिशवीत भरून आणलं आणि आळ्यात पसरून खुरप्यानं मिसळलं. शॉपमध्ये सगळे हसले, लिंबाला आता बेअरिंग बसवणार काय म्हणे. पण गावाकडं गंजके खिळे पुरतातच की झाडाच्या बुडात, मी तेच केलं, जरा औद्योगिक प्रमाणात.

जुलै आला. २०२४ चा जुलै आमच्याकडं कुणी विसरणार नाही, आठवडा आठवडा ऊन नाही, पंचगंगेला पूर, कृष्णेला पूर. परड्यातल्या त्या कोपऱ्यात घोट्याएवढं पाणी साचलं आणि ते उतरेचना. पाऊस दोन दिवस थांबला तरी आळं भरलेलं, तळ्यागत. झाड आता पूर्ण पिवळं, काही पानं तर कागदासारखी पांढरी. मी तरीपण रेनकोट घालून १९:१९:१९ या मिश्र खताचा चमचा घेऊन उभा, तेवढ्यात कंपाउंडपलीकडनं शेजारच्या अक्कांनी हाक मारली.

अक्का इंडीच्या, विजापूर जिल्ह्यातल्या. इंडी म्हणजे लिंबाचं गाव, तिथल्या लिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, सांगायचा मुद्दा बाईचं बालपण लिंबाच्या बागेत गेलेलं. इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या कारण कुणी विचारलं नव्हतं. छत्री धरून बघत होत्या, म्हणाल्या, “भाऊ, काय करायलाय?” म्हटलं खत घालतोय. “अय्यो! ताप आलेल्या पोराला होळगी, पुरणपोळी वाढायलाय की हो तुम्ही. नोडरी, पाणी बघा किती ते. आधी बुडात काय झालंय बघा, मग खायला घाला.”

मला जरा रागच आला खरं तर, पण पाणी समोर दिसत होतं.

ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा कुदळ घेतली. खोडापासनं दीड फूट लांब खणायला सुरुवात केली. वरची चार बोटं माती छान, लाल. त्याच्या खाली कुदळ ठण्ण वाजली. विटेचा तुकडा. मग प्लास्टरचा खापरा, मग फरशीचे तुकडे, मग अख्खं सिमेंटचं पोतं, कुजलेलं, आतल्या सिमेंटचा दगड झालेला. घर बांधताना कंत्राटदाराला मागचा खड्डा भरून दे म्हटलं होतं मीच, त्यानं भरून दिला आणि वर चार बोटं लाल मातीची शाल पांघरली. आम्ही सगळे त्या शालीला बघून आपली माती लाल, आपली माती लाल म्हणत बसलेलो. खड्ड्यात गटारासारखा वास, माती काळपट करडी. एक मूळ हातात आलं, तपकिरी, बुळबुळीत, दोन बोटांत धरून हलकं ओढलं तर वरची साल पायमोज्यासारखी सरकून निघाली आणि आत पांढरा दोरा तेवढा राहिला. लेक शेजारी बसलेली, ती ई म्हणून पळाली. चांगली पांढरी मुळं होती ती फक्त वरच्या चार बोटांत, आणि तिथंच मी युरिया, डीएपी, राख, बोरिंग सगळं ओतत होतो.

लेकीचं तेव्हा शाळेत आम्ल आणि आम्लारी चाललेलं. ती म्हणाली पप्पा व्हिनेगर टाकून बघूया, चुना असेल तर फेस येतो. स्वयंपाकघरातनं बाटली आणली, कोपऱ्यातली मूठभर माती ताटलीत घेतली आणि चमचाभर ओतलं. चुर्रर्र आवाज करून बुडबुडे आले, सोडा वॉटर ओतल्यासारखे. तुळशीजवळची माती घेतली, त्यावर ओतलं, काही नाही, गपगार. तिनं मग कोपऱ्यातल्या मातीवर लिंबू पिळून बघितलं, तरी फेस. आमच्या लिंबाच्या मातीवर लिंबू पिळून हे कळावं म्हणजे बघा, आणि ते लिंबू विकतचं.

खात्री करायला माती तपासून घेतली. जिल्ह्यात मत्तीकोप आणि तुक्कानट्टी अशी दोन ठिकाणी कृषी विज्ञान केंद्रं आहेत, शिवाय इतरही सोयी आहेत, माझी एका ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर गेली. दोन पिशव्या केल्या, एक परड्यातली, एक मामाच्या शेतातली, तुलना करायला. पाच सहा ठिकाणची वीतभर खोलपर्यंतची माती घ्यायची, एकत्र करायची, सावलीत वाळवायची, खडे काढून अर्धा किलो द्यायची. आणि खत घातल्या घातल्या घ्यायची नाही, म्हणून मी महिनाभर हात आवरून बसलो, जे मला फार जड गेलं.

कागद आला तो कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, बसचा बोर्ड वाचता येतो, पण हे म्हणजे रससार, सावयव इंगाल, सारजनक, रंजक. एक शब्द दिसला कब्बिण, पुढं लिहिलेलं पुरेसं आहे अशा अर्थाचं काहीतरी. कब्बू म्हणजे ऊस हे इकडं शेंबड्या पोरालाही माहीत, मला वाटलं उसासाठी जमीन चांगली आहे असं लिहिलंय. अक्कांकडं गेलो, अक्का या जमिनीत ऊस येतोय म्हणे. त्यांनी चष्मा लावला, कागद बघितला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “भाऊ, कब्बिण म्हणजे लोखंड! आणि तुम्ही लोखंडाच्या कारखान्यात!” रससार म्हणजे पीएच, माती किती आंबट ते सांगणारा आकडा, सातच्या खाली आम्ल, वर चुन्यासारखी. इंगाल म्हणजे आपला इंगळच, कार्बन. एवढे जवळचे शब्द आणि मी कोराच.

तर कोपऱ्यातल्या मातीचा पीएच ८.३. मामाच्या शेतातला ५.६. स्फुरद खूप जास्त, ती माझ्या डीएपीची कृपा. जस्त कमी, कार्बन कमी. आणि लोखंड, पुरेसं. तिथं मी दहा मिनिटं अडकलो, कारण झाड तर लोखंडावाचून मरायला टेकलेलं. मग वाचत गेलो, दोघातिघांना विचारलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मातीत लोखंड कधीच कमी नसतं, लाल मातीचा लाल रंगच मुळी लोखंडाच्या गंजाचा. पण मूळ दगड खात नाही, पाण्यात विरघळलेलं पितं. पीएच वाढत जातो तसं लोखंडाचं विरघळणं झपाट्यानं कमी होतं, एका अंकाला हजारपट म्हणतात. म्हणजे कोठारात धान्याची पोती आणि कुलूप बाहेरनं. मी काय करत होतो तर आणखी पोती आणून टाकत होतो, बोरिंगची. वर सिमेंटमधला चुना, आईची राख, हिची अंड्याची टरफलं, साबणाचं पाणी, सगळं कुलूप आणखी घट्ट करणारं. जास्तीचं स्फुरदही लोह आणि जस्ताला अडवतं. ते ईडीटीएचं पाकीट चाललं नाही त्याचं कारणही हेच, ईडीटीए लोखंडाला धरून ठेवतं ते साधारण ६.५ पीएचपर्यंत, त्यावर गेलं की मातीतल्या चुन्याला धरतं आणि लोखंड सोडून देतं. चुनखडीच्या मातीला ईडीडीएचए नावाचं वेगळं मिळतं, ते ९ पर्यंत टिकतं पण बरंच महाग. दुकानदारानं रोग बरोबर ओळखला, माती त्याला कुठं माहीत होती, मलाच नव्हती.

अक्कांना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या आमच्या इंडीकडं पण चुनखडी आहे की, तरी लिंबू येतंय. हे ऐकून मी परत गोंधळलो. पण त्यांचंच पुढचं वाक्य, “आमच्याकडं पाणी थांबत नाही.” तिकडं पाऊस कमी, माती तडकते, मुळाला हवा मिळते. चुन्याची माती आणि वर साचलेलं पाणी, हे दोन्ही एकत्र आलं की पिवळेपणा फार वाढतो, कारण चिबडात मुळंच गुदमरतात, ती खाणार कशी. म्हणून नुसता गंधक घालून पीएच उतरवायचा माझा विचार मी सोडला. गंधकाचं काम मातीतले जिवाणू करतात, त्याला महिने लागतात, आणि सिमेंटचा ढीग खाली असताना कितीही गंधक घाला तो आधी त्या चुन्यातच जिरणार.

झाड हलवायचं ठरलं. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर तुळशीच्या पलीकडं, जिथं व्हिनेगर गप बसलं होतं तिथं. खड्डा केलाच नाही, उंचवटा केला, चार फूट रुंद, दीड फूट उंच, कारण पुढच्या जुलैचा भरवसा काय. मामाच्या शेतातली लाल माती ओमनीतनं आणली, दहा पोती, दोन फेऱ्या, गाडीच्या मागच्या काचेला अजून लाल डाग आहे. तीन भाग माती, एक भाग शेणखत, खत दोन वर्षांचं, हाताला भुगा लागणारं, वास नसलेलं. ओलं शेण घालायचं नाही, हुमणी (मुळं खाणारी अळी) होते, मामानं दहादा बजावलं. दोन मुठी निंबोळी पेंड. झाड काढताना मूळ फार उरलंच नव्हतं, म्हणून वरचंही तिसरा हिस्सा छाटलं, नाहीतर एवढ्याशा मुळाला एवढी पानं पोसणार कोण. कुजकी मुळं कात्रीनं पांढरं दिसेपर्यंत कापली. मुळाला चिकटलेलं बोरिंग लेकीनं जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकानं काढलं, चुंबकाला काळी दाढी आली होती आणि तिला त्यात एवढी मजा वाटली की सगळ्या परड्यात फिरवत सुटली, चार खिळे आणि एक बिजागरी सापडली.

खोडाला बोर्डो पेस्ट लावली, बुरशीचं औषध. शंभर ग्रॅम मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, दोन्ही अर्ध्या अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळं भिजवायचं प्लास्टिकच्या बादलीत आणि मग एकत्र ओतायचं, लोखंडी भांडं अजिबात नको. आता इथं मात्र मी आमच्या घरात शहाणा ठरलो. पेस्ट बरोबर झाली का बघायला त्यात लोखंडी पातं बुडवतात. मी हॅक्सॉ ब्लेड घासून चकचकीत करून मिनिटभर बुडवलं, वर काढलं तर तांबूस, तांब्याचा मुलामा चढलेला. म्हणजे मोरचूद मोकळं राहिलंय, झाड भाजेल. अजून चुना घातला, परत बुडवलं, या वेळी पातं पांढरंच. झालं तयार. ब्रशनं खोडाला बुडापासनं वीतभर फासत होतो तर आई मागं येऊन उभी. “राख नको म्हणालास आणि चुना फासूलैस होय रे?” आता काय सांगणार. म्हटलं हा औषधाचा चुना.

मग सगळ्यात अवघड काम, काही न करणं. सहा आठवडे एक कण खत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी, साधं नळाचं. वर भाताचं पिंजर अंथरलं, खोडापासनं चार बोटं सोडून, नाहीतर खोड ओलं राहून परत कुजतं. न्हाणीचा पाईप कापला. घरातल्यांना दम दिला की लिंबाला कुणी काही घालायचं नाही, चहाचा चोथासुद्धा नाही. रोज सकाळी जाऊन बघायचो आणि रोज काही नसायचं. नोव्हेंबरच्या शेवटी काड्यांवर डोळे फुगले, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि दोन आठवड्यांत पानं आली, तीही पिवळसर. माझा जीव खाली वर. पण अक्का म्हणाल्या आता खायला मागायलंय, आता घाला, पण पानातनं.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम, सकाळी लवकर फवारलं. आठवड्यानं एक गंमत दिसली ती मी भिंग घेऊन बघितली. पिवळ्या पानावर जिथं जिथं थेंब सुकला होता तिथं तिथं हिरवा ठिपका. अख्खं पान नव्हे, ठिपकेच, देवी आल्यासारखे. लोखंड झाडात इकडून तिकडं फिरत नाही, जिथं पडलं तिथंच लागलं. ते ठिपके बघून मला जो आनंद झाला तो पगारवाढीलाही कधी झाला नव्हता, कारण दीड वर्षात पहिल्यांदा झाडानं मी दिलेलं काहीतरी खाल्लेलं मला डोळ्यानं दिसलं. पुढच्या आठवड्यात जस्त, झिंक सल्फेट लिटरला पाच ग्रॅम आणि अडीच ग्रॅम चुन्याची निवळी, नुसतं झिंक पान भाजतं. आणि पत्र्याच्या डब्यातलं ते उरलेलं ईडीटीएचं पाकीट आठवलं. नवी माती तर ५.६ ची. थोडं पाण्यात कालवून ओतलं. जे पाकीट मे महिन्यात मेल्यासारखं निपचित होतं त्यानंच फेब्रुवारीची पालवी अशी हिरवीगार आणली की ही मला विचारते, नवीन झाड आणलं काय.

त्या पालवीवर लगेच पक्ष्यांची शिट दिसायला लागली. पुसायला गेलो तर ती हलली. लिंबाच्या फुलपाखराची अळी, लहान असताना हुबेहूब शिटीसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते आणि दोन दिवसांत शेंडा साफ. हातानंच वेचल्या, सतरा निघाल्या, त्यातली एक लेकीनं बरणीत पाळली, तिला रोज माझ्याच झाडाचं पान. फुलपाखरू झालं, सोडलं, ते पहिलं कुठं जाऊन बसलं असेल सांगायला नको.

आता खत वर्षातनं तीनदा, फेब्रुवारी, जून आणि सप्टेंबर. दोन पाट्या शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि पन्नास ग्रॅम अमोनियम सल्फेट. युरिया बंद केला, अमोनियम सल्फेटात नत्र २१ टक्केच आणि ते माती थोडी आम्ल करत नेतं, लिंबाला ते बरं. घालायचं ते फांद्यांचा घेर जिथं संपतो त्या खाली, गोल चर काढून दोन बोटं खोल, कारण खाणारी बारीक मुळं तिथं असतात, खोडाच्या बुडात नसतात. आणि झाड मरगळलेलं दिसलं तर आधी बोट, मग खुरपं, खताचा डबा शेवटी. परवाच्या त्या पोरालाही मी खताचं नाव दिलंच नाही, कुंडीच्या बुडाची भोकं बघून ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी आला, भोकं फरशीला चिकटून बंद झाली होती.

जुन्या कोपऱ्यातनं बावीस घमेली राबिट, बांधकामाचा कचरा निघाला, अजून खाली आहे. तिथं आता केळ लावलीय थोडी माती भरून आणि आईच्या बंबाची राख तिकडं जाते, केळीला राखेतलं पालाश (पोटॅश) लागतं, आई खूष.

यंदा लिंबाला पहिल्यांदा फुलं आली. फळं धरली अकरा, आठ गळली, तीन राहिली. अक्कांनी एक नखानं खरवडून वास घेतला आणि इंडीचं नव्हे पण चालतंय म्हणाल्या. लोणच्याला तीन लिंबं पुरत नाहीत हे आईनं लगेच ऐकवलं. कंपाउंडकडची एक फांदी मात्र अजून पिवळटच आहे, तिकडचं एखादं मूळ भिंतीच्या सिमेंटपर्यंत पोचलंय काय कुणास ठाऊक, रविवारी जरा उकरून बघतो.